घरावर मोटार आदळते तेव्हा

भुसार व्यापाऱ्याला आगीचे भय कोणी शिकवावे लागत नाही. गोदामात विडी ओढू नये, दिवाबत्ती विझवून मगच कुलूप लावावे, चैत्र-वैशाखात पाण्याची पिंपे भरून ठेवावीत, हे आपण वाडवडिलांपासून पाहत आलो. पावसाचे भयही तसेच परिचयाचे. परंतु रस्त्याने जाणारी मोटार एके रात्री सरळ आपल्या सोप्यात येऊन उभी राहील, हा विचार माझ्या मनात साठ वर्षांत कधी आला नव्हता. सन २०२३ च्या आषाढात तो प्रसंग बेळगावी माझ्याच घरावर आला. त्यातून जे शिकलो, ते आपल्या संघाच्या सभासदबंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पेठांतील आपली बहुतेक जुनी घरे आणि दुकाने रस्त्याला अगदी लागून आहेत. रस्ते तेच राहिले, वाहने मात्र शतपट झाली.

रात्री दोनचा सुमार होता. पाऊस कोसळत होता. घर हलल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ कौले गळून पडल्याचा खळखळाट. बाहेर येऊन पाहतो तो एक मोटार जोत्याच्या दोन पायऱ्या चढून सोप्यात शिरलेली. मधला सागवानी खांब निखळून आडवा पडला होता. शेजारच्या माजघराची जांभ्या दगडाची भिंत अर्धी ढासळली होती. माझ्या वृद्ध मातोश्री एरवी सोप्यातच निजत. त्या रात्री पावसाची झड आत येते म्हणून त्यांचे अंथरूण देवघराजवळ घातले होते. याला दैव म्हणावे की पुण्याई, ते ज्याचे त्याने ठरवावे.

मोटार चालविणारा तरुण पंचविशीच्या आतला. कपाळातून रक्त वाहत होते. प्रथम त्याला रुग्णालयात पोचविले. अपघातग्रस्ताला मदत करणारा माणूस चौकशीच्या फेऱ्यात सापडतो, ही भीती अजूनही लोकांच्या मनात आहे. परंतु मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १३४-अ अन्वये सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे. तेव्हा घर कितीही मोडलेले असो, आधी माणूस.

पहिल्या घटकेत काय करावे

शेजारीपाजारी जमले. दहा-बारा जणांनी उत्साहाने मोटारीला हात घातला आणि ती मागे ओढण्याची तयारी केली. तेवढ्यात आमच्या गल्लीतील एक वृद्ध गवंडी कंदील उंच धरून वर पाहू लागले आणि ओरडले, “हात काढा! तुळई मोटारीच्या टपावर टेकली आहे.” खरेच तसे होते. ज्या मोटारीने खांब पाडला, तीच आता खांबाचे काम करीत होती. ती ओढली असती तर तुळई, वासे आणि सगळे मंगलोरी छप्पर त्या दहा-बारा जणांच्या डोक्यावर आले असते. म्हणून पहिला धडा हा की, टेकू दिल्यावाचून मोटार हलवू नये. दुसरे दिवशी लाकडी बल्ल्यांचे टेकू लावून, अभियंत्याच्या देखत ती काढली.

त्याच घटकेस विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसचे सिलिंडर बंद करून बाहेर न्यावे, आणि तडा गेलेल्या भिंतीच्या आसपास कोणास झोपू देऊ नये. पोलिसांत वर्दी द्यावी आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. कलम १३४ प्रमाणे चालकानेही चोवीस तासांच्या आत वर्दी देणे बंधनकारक आहे, पण आपण त्याच्यावर विसंबू नये. मोटारीचा क्रमांक, मालकाचे नाव, विमा कंपनी आणि पॉलिसीचा क्रमांक टिपून घ्यावा. मालकाने टाळाटाळ केली, तर कलम १६० अन्वये हा तपशील नोंदणी अधिकाऱ्याकडून किंवा पोलीस ठाण्याकडून शुल्क भरून मागण्याचा अधिकार नुकसानग्रस्ताला आहे. ढिगारा उपसण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर छपरावर ताडपत्री घालावी, कारण नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचे कर्तव्यच मानले जाते.

रात्रीचा कागद

पहाटे मोटारीचे मालक, त्या तरुणाचे मामा, रोख पन्नास हजार रुपये आणि एक कागद घेऊन आले. माणूस सज्जन होता, घाबरलेला होता. कागदावर लिहिले होते की, “नुकसानभरपाई पूर्ण मिळाली, आता काहीही तक्रार उरली नाही.” आमच्या मंडळींना वाटले, घ्यावे आणि मोकळे व्हावे. मी मात्र इतकी वर्षे पावतीवर सही करण्याआधी माल मोजून घेत आलो आहे. सोप्याचे नुकसान अजून कोणी मोजलेच नव्हते. मी पैसे घेतले नाहीत आणि सहीही केली नाही.

ते योग्यच झाले, हे पुढे कळले. आपली विमा कंपनी जेव्हा आपले नुकसान भरून देते, तेव्हा अपराधी वाहनाकडून ती रक्कम वसूल करण्याचा आपला हक्क तिच्याकडे जातो. आपण आधीच ‘तक्रार उरली नाही’ असे लिहून दिले, तर तो हक्क आपण मारून टाकतो आणि आपला स्वतःचा दावाही संकटात घालतो. तेव्हा विमा कंपनीला विचारल्याशिवाय परस्पर तडजोडीच्या कागदावर सही करू नये.

दोन दारे

भरपाईची दारे दोन आहेत. एक आपल्या स्वतःच्या पॉलिसीचे, दुसरे त्या वाहनाच्या पॉलिसीचे.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांनी सुरू केली. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या व्यावसायिक मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ अशी व्यवस्था आहे. बाहेरील वाहनाच्या धडकेने झालेले नुकसान यांत आगीबरोबरच समाविष्ट आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. घराच्या पॉलिसीत ढिगारा उपसण्याचा खर्च दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत आणि अभियंत्याचे शुल्क पाच टक्क्यांपर्यंत मिळते.

व्यवसायाच्या पॉलिसीत एक मेख आहे. मालमत्तेचा विमा कमी रकमेचा उतरविला असेल, तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते. वीस लाखांच्या गोदामाचा विमा दहा लाखांचा असेल आणि नुकसान दोन लाखांचे झाले, तर हातात एकच लाख पडतो. सूक्ष्म आणि लघु उद्यमांच्या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. हप्त्यात चार पैसे वाचविणारा व्यापारी येथे फसतो. घराच्या पॉलिसीत मात्र हा कमी विम्याचा नियम लावीत नाहीत.

दुसरे दार वाहनाच्या पॉलिसीचे. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी चारचाकी वाहनाच्या पॉलिसीत सर्वसाधारणपणे साडेसात लाखांची आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखाची मर्यादा असते. काही मालक हप्ता कमी करण्यासाठी ती सहा हजारांवर आणून ठेवतात, म्हणून पॉलिसीची प्रत पाहिल्याशिवाय हिशेब मांडू नये. मर्यादेपलीकडील रक्कम मालकाकडूनच मागावी लागते. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. तेथे केवळ जखमी किंवा मृताचे वारसच जातात, हा समज चुकीचा आहे. मालमत्तेच्या धन्यालाही तेथे अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत या अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ती पाळलेली बरी.

अकरा पोती

आता या सर्व प्रकरणातील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो. माजघरात मी तुरीची काही पोती उतरवून ठेवली होती. भिंत पडून पाऊस आत आला आणि पन्नास किलोंची अकरा पोती भिजली. घराच्या पॉलिसीत संसाराचे सामान येते, व्यापाराचा माल येत नाही. ही माझी चूक. दुकानातील माल घरी ठेवायचा तर त्या जागेची नोंद व्यवसायाच्या पॉलिसीत करून घ्यावयास हवी होती. तेव्हा तुरीची भरपाई मोटारीच्या विम्याकडूनच मागणे भाग होते.

घरातील एक तरुण मला म्हणाला, “आप्पा, अकराच्या जागी तीस लिहा. भिजलेली पोती कोण मोजणार? पैसे काय त्या मुलाच्या खिशातून जायचे आहेत?” ठेकेदारही त्याच सुरात म्हणाला, “मागची भिंत २०१९ च्या महापुराच्या पावसात फुगली आहे ना? तीही याच अंदाजपत्रकात घालतो.”

खोटे कशास बोलू, क्षणभर मन डळमळले. मागच्या भिंतीचा खर्च लाखाच्या घरातला होता आणि ते वर्ष व्यापाराला काही बरे नव्हते. पण तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, सांगितली आहे, आणि अचौर्याच्या अतिचारांत कमीजास्त मापे. ज्या हाताने चाळीस वर्षे काटा सरळ धरला, त्या हाताने अकराची तीस पोती कशी लिहावीत? विमा कंपनीचा पैसा हा कोणाचा नसलेला पैसा नव्हे. तो आपल्यासारख्याच हजारो लोकांनी भरलेल्या हप्त्यांचा साठा आहे. त्यातून खोटे उचलणे म्हणजे शेजाऱ्याच्या कणगीत हात घालणे होय.

भिजलेली पोती वेगळी ठेवली, त्यांचे वजन करून काटापट्टी घेतली आणि सर्वेक्षक येईपर्यंत एकही फेकले नाही. बाजारभाव त्या दिवशी क्विंटलला ९,५०० रुपये. साडेपाच क्विंटलांचे ५२,२५० झाले. वाळवून ती तूर पशुखाद्यासाठी १६,५०० ला विकली. मागणी लिहिली ३५,७५० रुपयांची, त्याहून एक पैसाही अधिक नाही.

सर्वेक्षक आले. मागच्या भिंतीपाशी थांबून त्यांनी तड्यात पेन्सिल घातली. आत काळी धूळ आणि शेवाळ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “ती जुनी आहे. ती दाव्यात नाही.” ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझ्या एकाही आकड्यावर त्यांनी दुसऱ्यांदा प्रश्न केला नाही.

दुरुस्ती आणि शेवट

दुरुस्तीविषयी दोन शब्द. अभियंत्याने उरलेल्या भिंतींच्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून त्यांवर तारीख घातली. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे असे समजावे. तीन आठवड्यांत एकही फुटली नाही, मगच काम सुरू केले. चुन्यातील जुन्या बांधकामाला कडक सिमेंटचे ठिगळ लावू नये. दगड आणि चुना थोडा हलतो, सिमेंट हलत नाही, मग सांध्याशी पुन्हा तडा जातो. एकूण खर्च ३,८४,००० आला. त्यातील ४३,००० सोप्यात ग्रॅनाइट बसविण्याचे होते. ती माझी हौस, ती दाव्यात घातली नाही. उरलेले ३,४१,००० माझ्या विमा कंपनीने मंजूर केले आणि वसुलीचा हक्क लिहून घेतला. तुरीचा अर्ज पुढील वर्षी लोकअदालतीत तडजोडीने मिटला.

जाता जाता एक इशारा. आपल्याच लॉरीने मागे येताना आपल्याच गोदामाची भिंत पाडली, तर लॉरीच्या त्रयस्थ विम्यातून काही मिळत नाही, कारण स्वतःची किंवा ताब्यातील मालमत्ता त्यातून वगळलेली असते. जुन्या प्रमाण अग्निविम्यातही स्वतःच्या वाहनाची धडक वगळलेली असे. आपली पॉलिसी काय म्हणते, ते प्रत्येकाने आजच पाहून ठेवावे.

भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी मी त्या तरुणाच्या घरी गेलो. सलग दोन पाळ्या करून परतताना त्याचा डोळा लागला होता. त्याला वाटले, मी पैशांविषयी बोलायला आलो. मी म्हटले, “दाव्याचे काम कागद करतील. मी तुझ्या कपाळाची जखम भरली का, ते पाहायला आलो.” हक्क मागणे आणि राग धरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

मातोश्री पुन्हा सोप्यात निजू लागल्या आहेत. फक्त वळणावर आम्ही महानगरपालिकेकडे अर्ज करून लोखंडी कठडा घालून घेतला. मागची भिंत गेल्या वर्षी स्वखर्चाने बांधली.