मोरोक्कोच्या बंदरांतील खाणावळी

परदेशांत स्वस्तांत जेवावयाचें म्हणजे निकृष्ट जेवावयाचें, अशी पुष्कळ सुशिक्षित प्रवाशांची समजूत असते. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर ती फार दिवस टिकत नाहीं. टँजियर, कासाब्लांका, साफी, एसाविरा, अगादीर या बंदरांत उत्तम जेवण आणि स्वस्त जेवण बहुधा एकाच ठिकाणीं मिळतें. महाग असतो तो समुद्राचा देखावा. लाटांकडे तोंड करून मांडलेल्या टेबलावर जी मासळी मिळते, तीच मागच्या गल्लींत हमालांच्या शेजारीं बाकावर बसून खाल्ली, तर खर्च कितीतरी कमी येतो. असें कां होतें आणि कोठें काय मागावें, हें कळलें म्हणजे बेताच्या पैशांतहि प्रवाशाचे दिवस सुखानें जातात.

या स्वस्ताईचें मूळ समुद्रांतच आहे. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यालगत उत्तरेकडून वारे वाहतात. ते पृष्ठभागाचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागीं तळचें थंड पाणी वर येतें. या पाण्यांत क्षार विपुल असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पति वाढतात आणि त्यांच्या आश्रयानें सार्डिन मासळीचे थवेच्या थवे पोसले जातात. सार्डिन म्हणजे कोंकणांतील तारलीच्या कुळांतली मासळी. ती फार लवकर नासते; म्हणून ती धरली त्याच दिवशीं खपवावी लागते, नाहीं तर डब्यांत बंद करावी लागते. साफी हें गांव विसाव्या शतकांत या डब्यांच्या कारखान्यांमुळेंच नांवारूपास आलें. बंदराजवळ जी मासळी गरिबाला परवडते, ती देशाच्या अंतर्भागांत जातां जातां वाहतूक आणि बर्फ यांच्या खर्चानें महाग होते.

म्हणून शहाणा प्रवासी खाणावळीचा फलक वाचण्यापूर्वीं मासळीबाजार गांठतो. एसाविराच्या तटबंदीच्या आंत असा बाजार आहे. तेथें आधीं मासळी निवडावी, भाव ठरवावा, डोळ्यांदेखत वजन करून घ्यावें आणि मग ती शेजारच्या भट्टीवर भाजावयास द्यावी. भट्टीवाला भाजणावळ निराळी घेतो. पाव आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर यांचे दाम तींत धरले आहेत कीं नाहींत, हें तेथल्या तेथें विचारावें. कासाब्लांका येथें महंमद पंचम यांच्या नांवाच्या रस्त्यावरील मध्यवर्ती मंडईंतहि हीच सोय आहे. ठकण्याचा प्रसंग येतो तो बहुतेक एकाच कारणानें: सांगितलेला भाव ताटाचा कीं किलोचा, हें आधीं विचारलेलें नसतें. भाव विचारण्यांत तेथें कोणालाहि अपमान वाटत नाहीं. न विचारतां जेवावयास बसणाराच दुकानदाराला नवखा वाटतो.

साफीकडील भरलेली सार्डिन अवश्य चाखावी. कांटा काढलेल्या दोन मासळ्यांच्या मध्यें कोथिंबीर, लसूण, जिरें, तांबडी मिरची आणि लिंबू यांचें वाटण घालतात, मग त्या पिठांत घोळून तळतात. या वाटणास शरमूला म्हणतात. याच मासळीचे गोळे करून टोमॅटोच्या रसांत शिजवितात. तें कालवण पावाबरोबर खाल्लें म्हणजे एका माणसाचें पोट थोड्या दिरहमांत भरतें.

मासळी न खाणाराचीहि उपासमार होत नाहीं. हिवाळ्याच्या सकाळीं टँजियरच्या लहान दुकानांतून बिसारा मिळतो. वाळलेल्या बाकल्याचें हें दाट कढण. त्यावर ऑलिव्हचें तेल आणि जिऱ्याची पूड घालतात. कामावर निघालेले मजूर उभ्याउभ्या तें पावाबरोबर खातात आणि दुपारपर्यंत त्यांना भूक लागत नाहीं. पांढऱ्या घेवड्याची लूबिया आणि मसुरीची उसळ हींहि सर्वत्र असतात. टोमॅटो, मसूर व हरभरे यांचें हरीरा नांवाचें सार मात्र पुष्कळदां मांस घालून करतात. तेव्हां शाकाहारी माणसानें चौकशी करूनच तें घ्यावें. टँजियरच्या रस्त्यांवर हरभऱ्याच्या पिठाची भट्टींत भाजलेली कालिंते नांवाची मऊ वडी विकतात. तिचें नांव गरम या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलें आहे. तींत अंडें असतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

अगादीरची गोष्ट थोडी निराळी आहे. २९ फेब्रुवारी १९६० रोजीं झालेल्या भूकंपांत तें शहर जवळजवळ नष्ट झालें आणि नवें शहर जुन्याच्या दक्षिणेस वसविण्यांत आलें. त्यामुळें इतर बंदरांतल्यासारख्या जुन्या पेठेच्या अरुंद गल्ल्या तेथें नाहींत. स्वस्त जेवण शोधणारानें किनाऱ्यावरील हॉटेलांकडे न जातां तालबोर्ज्त या वस्तींत, किंवा सूक अल् हद नांवाच्या मोठ्या बाजाराकडे वळावें.

या सर्व जेवणांचा आधार म्हणजे खुब्ज, अर्थात् गोल, जाड पाव. तो चमच्याचेंहि काम करतो. त्याच्या तुकड्यानें कालवण उजव्या हातानें उचलून खातात. जुन्या मोहल्ल्यांतून अजूनहि फरान, म्हणजे सार्वजनिक भट्टी असते. घरोघर मळलेली कणीक मुलें फळीवर घालून तेथें नेतात. जेवणानंतर येतो पुदिन्याचा गोड चहा. हा चहा मात्र त्या देशांत जुना नाहीं. १८५३ ते १८५६ या काळांत क्रिमियाच्या युद्धामुळें इंग्रज व्यापाऱ्यांना चिनी हिरव्या चहासाठीं नवें गिऱ्हाईक हवें होतें. तेव्हां त्यांनीं तो टँजियर आणि मोगादोर या बंदरांत आणला आणि तेथून तो देशभर पसरला. मोगादोर म्हणजेच आजचें एसाविरा.

वारावेळेचेंहि भान ठेवावें लागतें. शुक्रवारीं दुपारीं कूसकूस करण्याची रीत आहे आणि त्या दिवशीं कांहीं दुकानें नमाजासाठीं बंद होतात. रमजानांत दिवसा साध्या खाणावळी बहुतेक बंद असतात. परंतु सूर्यास्त होतांच खजूर आणि हरीरा यांवर जो उपास सुटतो, तो पाहण्यासारखा असतो. अशा वेळीं परक्यालाहि बाकावर जागा करून देतात.

या स्वस्ताईला धोका नाहीं असें मात्र नाहीं. पीठ, साखर आणि स्वयंपाकाचा गॅस यांना सरकार मदत देत आलें आहे. मे २०२४ मध्यें गॅसवरील मदत कमी करण्यांत आली आणि १२ किलोच्या टाकीची किंमत ४० दिरहमांवरून ५० दिरहम झाली. मोठ्या हॉटेलाला ही वाढ जाणवत नाहीं; एका शेगडीवर चालणाऱ्या दुकानाला जाणवते. सार्डिनहि पूर्वीइतकी विपुल राहिलेली नाहीं. म्हणून वर्षांतील कांहीं काळ मासेमारी बंद ठेवून मासळीला वाढावयास अवसर देतात. त्या दिवसांत भाव चढतात आणि गरिबाच्या ताटांतील मासा प्रथम नाहींसा होतो.

प्रवाशाच्या दृष्टीनें चार दिरहम अधिक गेले तर फारसें बिघडत नाहीं. पण ज्या बाकावर तो एक दिवस बसतो, त्याच बाकावर गोदींतला मजूर रोज जेवतो. तो बाक टिकावा असें वाटत असेल, तर भाव विचारावा, वाजवी दाम द्यावे आणि मागविलेलें अन्न ताटांत टाकूं नये. एवढें पाळणाऱ्या प्रवाशाला दुसऱ्या दिवशीं दुकानदार आपण होऊन हांक मारतो.