शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची नवलाई

एखाद्या मोठ्या हायस्कूलच्या ग्रंथालयात मराठी कादंबरी हातात घेतली, की तिच्या कण्यावर खालच्या बाजूला एक छोटी चिठ्ठी डकवलेली दिसते. तिच्यावर बहुधा ८९१.४६३ हा आकडा असतो. हा आकडा डावीकडून एकेक अंक उलगडत वाचून बघा. पहिला ८ म्हणजे साहित्य. ८९१.४ पर्यंत आलो की आपण आधुनिक भारतीय आर्य भाषांच्या दारात उभे राहतो. ८९१.४६ म्हणजे मराठी. शेवटचा ३ म्हणजे कथा-कादंबरी. त्या ३ च्या जागी १ आला की मराठी कविता, २ आला की मराठी नाटक. सहा अंकांत जगभरच्या साहित्यातून नेमकं आपल्या भाषेतल्या गोष्टींपर्यंत पोचता येतं!

ही पद्धत मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ मध्ये छापून प्रसिद्ध केली, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. त्याने माणसाच्या सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग केले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचेही पुन्हा दहा. पुढे दशांश चिन्ह दिलं आणि खरी जादू तिथे झाली. शाळेत आपण दशांश अपूर्णांक शिकतो आणि कोणत्याही दोन संख्यांच्या मध्ये तिसरी संख्या बसते, हे गणिताच्या तासाला कळतं. ड्यूईने हाच गुण पुस्तकांना लावला. उद्या कितीही नवा विषय जन्माला आला, तरी जुन्या दोन विषयांच्या मध्ये त्याला जागा मिळते आणि जुन्या पुस्तकांचे आकडे सहसा बदलावे लागत नाहीत. १८७६ मध्ये संगणक कुठे होता? आज त्याची पुस्तकं ००४ ते ००६ या आकड्यांत सुखाने बसली आहेत. पक्षी ५९८ मध्ये, खगोलशास्त्र ५२० मध्ये, आजीच्या तोंडून ऐकलेल्या लोककथा ३९८.२ मध्ये. जगातल्या असंख्य ग्रंथालयांत हे आकडे हाच अर्थ सांगतात. शाळेच्या ग्रंथालयात ते वाचायला शिकलेली मुलगी उद्या नांदेडच्या विद्यापीठात गेली काय किंवा परदेशात गेली काय, मांडणी कळायला तिला वेळ लागणार नाही.

पण आकडा कळला, तरी पुस्तकातली भाषा घरची असेलच असं नाही. ते बघायला नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरकडे येऊ. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा इथून जवळ. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेला तेलंगणा. १९५६ पर्यंत किनवट हा भाग हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणून या तालुक्यात भाषांची नुसती रेलचेल आहे. कुणाच्या घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, कुणाच्या घरात गोंडी किंवा कोलामी, कुठे तेलुगू, कुठे उर्दू, कुठे मराठी. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून पुस्तकाची मराठी. तांड्यावरून किंवा कोलामपोडातून आलेल्या लेकरासाठी ही मराठी म्हणजे दुसरी भाषा.

या मुलांसाठी शाळेतलं पुस्तकांचं कपाट काय करू शकतं, याचं सर्वांत थक्क करणारं उत्तर हजारो किलोमीटर दूर, प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर सापडलं. तिथल्या खेड्यांतल्या मुलांची घरची भाषा वेगळी आणि शाळेची इंग्रजी. शाळेत पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तकं फारशी नव्हती. १९८० मध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या अभ्यासकांनी चौथी-पाचवीच्या काही वर्गांत चित्रांच्या, रंजक अशा सुमारे अडीचशे गोष्टींच्या पुस्तकांचा संच ठेवला. काही वर्गांत शिक्षक मुलांबरोबर मिळून गोष्ट वाचत, तिच्यावर बोलत. काही वर्गांत मुलं रोज वीस-तीस मिनिटं आपापलं पुस्तक मुकाट्याने वाचत. उरलेल्या वर्गांत नेहमीसारखाच धडा आणि स्वाध्याय. पुस्तकं मिळालेल्या मुलांची वाचनातली प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झाली. दुसऱ्या वर्षी तर हा फायदा व्याकरणात आणि लेखनातही दिसू लागला. व्याकरणाचे नियम जादा पाठ करून घेतले नव्हते. मुलांनी फक्त गोष्टी वाचल्या होत्या, भरपूर वाचल्या होत्या.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भाषा शिकताना एखादा शब्द एकदा सांगून पक्का होत नाही. तो वेगवेगळ्या वाक्यांत, वेगवेगळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. पाठ्यपुस्तकातला धडा वर्षभरात मोजक्या वेळा डोळ्यांखालून जातो. गोष्टीच्या पुस्तकांत तेच शब्द कधी वाघाच्या तोंडी, कधी राजकन्येच्या, कधी शेतकऱ्याच्या तोंडी येतात, आणि पुढे काय झालं या ओढीने मूल स्वतःच पान उलटतं. म्हणून ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्याला गोष्टीच्या पुस्तकाची गरज सर्वांत जास्त आहे. त्याला आधी धडा नीट वाचता येऊ दे, मग गोष्टीचं पुस्तक देऊ, हा क्रम उलटा आहे.

आईवडिलांना वाचता येत नसेल तर? इथेही विज्ञानाने मोठा दिलासा दिला आहे. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवलं आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बदल मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर दृष्टीशी संबंधित अशा खोलवरच्या, फार जुन्या भागांतही दिसले. लिपीचा शोध लागून पाचेक हजार वर्षंच झाली, म्हणजे वाचनासाठी म्हणून वेगळा असा भाग मेंदूत जन्मतः असणंच शक्य नाही. तरी अक्षरं शिकता शिकता मेंदू स्वतःला नव्याने जुळवतो, तोही तिशी-चाळिशीत! त्या बायका शिकल्या ती देवनागरी आणि इस्लापूरच्या शाळेत मुलं गिरवतात ती देवनागरी एकच. घरी आलेलं पुस्तक मुलाने आईला मोठ्याने वाचून दाखवावं, आईने बोट ठेवून चित्रातलं विचारावं, तीच गोष्ट गोरमाटीत किंवा गोंडीत परत सांगावी. गोष्ट दोन भाषांत फिरली की मुलाला ती दुप्पट कळते.

मग पुस्तकं गावापर्यंत पोचायची कशी? याचं एक सुंदर उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने दिलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात १८६३ मध्ये जन्मलेला एक मुलगा पुढे बडोद्याचा महाराज सयाजीराव गायकवाड झाला. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून सबंध संस्थानात ग्रंथालयांची साखळी उभी करायला घेतली. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. गावाने त्या वाचून परत करायच्या, मग पेटी पुढच्या गावाला. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान सोसायचं. ही कल्पना आज एका केंद्रातल्या शेजारच्या चार शाळांना अगदी फुकटात राबवता येईल. प्रत्येक शाळेने पन्नास वेगवेगळ्या पुस्तकांची एक पेटी भरायची आणि दोन महिन्यांनी ती पुढच्या शाळेला द्यायची. आठ महिन्यांत प्रत्येक मुलासमोर दोनशे पुस्तकं येतात आणि एकाही शाळेला नवं पुस्तक विकत घ्यावं लागत नाही.

पण अनेक ठिकाणी अडतं ते पुस्तकांच्या संख्येपाशी नाही, कुलपापाशी अडतं. शिक्षकांना वाटणारी धास्ती खरी आहे. पुस्तकं साठा नोंदवहीत चढलेली असतात, तपासणी होते, पुस्तक हरवलं तर जबाब कुणी द्यायचा? या धास्तीचं उत्तर केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, २०१७ च्या आवृत्तीतल्या नियम २१५ मध्ये आहे. ग्रंथालयातून वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली, तर ते नुकसान वाजवी मानावं, असं तो सांगतो. अट अशी की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. यातली खोच बघा. हिशोब कपाटात किती पुस्तकं आहेत यावर नाही, वाचायला किती दिली यावर आहे. कुलूप लावून ठेवलेल्या कपाटाला एकाही पुस्तकाची सूट नाही. हजार वेळा देवघेव करणाऱ्या ग्रंथालयाला पाच पुस्तकांची आहे. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी असला, तरी त्यामागचं शहाणपण कोणत्याही जिल्हा परिषद शाळेने डोळ्यांसमोर ठेवावं असं आहे: वापरातून होणारी झीज हा गुन्हा नाही.

हेच तत्त्व शियाळी रामामृत रंगनाथन या माणसाने ग्रंथालयशास्त्राच्या पायाशी ठेवलं. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा वापरण्यासाठी असतं, इथून ती सुरू होतात. प्रत्येक वाचकासाठी कुठेतरी एक पुस्तक असतं आणि प्रत्येक पुस्तकासाठी कुठेतरी एक वाचक, असं ती सांगतात. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, आणि ग्रंथालय वाढतं राहावं, इथे ती पूर्ण होतात. १९३१ मध्येच तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडीजवळ बैलगाडीतून गावोगाव जाणारं ग्रंथालय सुरू झालं, त्याला रंगनाथन यांनीच चालना दिली. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो.

आता पालकांनी आणि मुलांनी करायचं काय, ते सरळ सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे गोष्टीचं पुस्तक हा कुणाचा उपकार नाही. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. सरकारी शाळांना समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या स्तरानुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत ग्रंथालयाचा विषय घ्या. यंदा कोणती पुस्तकं आली, त्यांत गोष्टींची किती, आठवड्यातून किती वेळा ती मुलांना घरी नेता येतात, हे विचारा. आवाज चढवून नव्हे, मदतीचा हात पुढे करून विचारा. शनिवारी एक तास देवघेव सांभाळायला एखादी आई किंवा आजोबा उभे राहिले, तर शिक्षकांचा भार केवढा हलका होईल!

मुलांनो, देवघेवीची नोंदवही तुम्हीच लिहा. पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, एवढे पाच रकाने पुरतात. महिनाअखेर त्यातून कोणतं पुस्तक सर्वांत जास्त फिरलं आणि कोणतं एकदाही हललं नाही, ते मोजा. न हललेलं पुस्तक सर्वांसमोर मोठ्याने वाचा, त्याला वाचक मिळेल. पुस्तकं कमी पडली तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी फुकट मिळतात. वडिलांचा मोबाईल अर्धा तास त्यासाठी मागून घ्या.

आणि पालकांनो, उद्या मूल शाळेतून घरी आलं की गृहपाठाआधी त्याला एवढंच विचारा: आज कोणतं पुस्तक आणलंस? रिकाम्या हाताने आलं असेल, तर परवा त्याच्याबरोबर शाळेत जा आणि कपाट उघडायला सांगा.