छोटा जनरेटर: काय चालेल, काय नाही

८ जुलै २०२४ च्या पहाटे 'बेरिल' वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर आले आणि ह्यूस्टन परिसरातल्या २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे ती चार दिवसांनी परतली. सांगलीहून आलेली आई घरात होती, फ्रिजमध्ये तिचे इन्सुलिन होते आणि बाहेर पारा नव्वदीच्या पुढे. २०२१ च्या हिमवादळानंतर मी हाताने उचलता येईल असा छोटा जनरेटर घेऊन ठेवला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. इंजिनिअर माणूस, हिशेब चुकणार कसा? पण चुकलाच, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

जनरेटरच्या खोक्यावर २२०० वॅट असे ठळक छापलेले होते. हा आकडा काही क्षणांपुरता असतो. सतत मिळणारी शक्ती १८०० वॅट, आणि ती माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. दुसरी मेख अशी की फ्रिज चालू असताना १५० वॅटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट, कधी हजाराच्या घरात मागतो. गावाकडे विहिरीवरची मोटर सुरू करताना घरातले दिवे मंद होत, ते याच कारणाने.

आमचा भार असा होता: फ्रिज १५०, गॅरेजमधला फ्रीझर १००, दोन पंखे १२०, शिवाय एलईडी दिवे, राउटर, फोन, लॅपटॉप. एकूण साधारण ४५०. एवढी शिल्लक पाहून मी ऐटीत आईच्या चहासाठी मायक्रोवेव्ह लावला. हजार वॅटचा म्हणवणारा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात १५०० च्या आसपास घेतो. झाले १९५०. तेवढ्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर जागा झाला, जनरेटरचा लाल दिवा लागला आणि सगळे बंद! शेजारीच गॅसची शेगडी होती, ती काडी लावून पेटली असती. "अरे, मग शेगडी कशाला आहे?" असे आईने विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा मोटर असलेली वस्तू एका वेळी एकच सुरू करावी. मायक्रोवेव्ह, राइस कुकर, इस्त्री, हेअर ड्रायर ही उष्णतेवाली मंडळी फ्रिजचे प्लग काढल्यावरच लावावीत, इंडक्शन शेगडी तर विसरावीच. मिक्सर थोडा वेळ चालतो. घराचा मोठा एसी, कपड्यांचा ड्रायर, विजेवरचा वॉटर हीटर यांना २४० व्होल्ट लागतात. ते अशक्य. मात्र खिडकीत बसणारा ५००० बीटीयूचा लहान एसी ४५० ते ५०० वॅटवर चालतो. आम्ही एका खोलीत तो लावून सगळे तिथेच झोपलो.

फ्रिज दिवसभर चालू ठेवण्याची गरज नसते. दार उघडले नाही तर वीज नसतानाही तो चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. बहुतेक इन्सुलिन ८६ अंश फॅरनहाइटपर्यंत २८ दिवस फ्रिजबाहेर चालते, पण जुलैत बंद घर याहून तापते, हीच आमची चिंता होती. आपल्या औषधाचे नेमके नियम फार्मसिस्टला आधीच विचारून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, आणि उन्हाळ्यात आपण म्हणतो, ऊन लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनमध्येच एका स्थलांतरित कुटुंबाने उबेसाठी घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली. आई आणि लहान मुलगी दगावल्या. जनरेटर तर याहून कितीतरी अधिक विषारी वायू सोडतो. गॅरेजचे दार उघडे ठेवले तरी तो तिथे नको. घरापासून निदान २० फूट दूर, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला, आणि झोपायच्या खोल्यांजवळ बॅटरीवरचा अलार्म. पाऊस असेल तर थांबावे, आत आणू नये. दोन्हीकडे प्लग असलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमधून घरात वीज सोडण्याची युक्ती कोणी सुचवली तर हात जोडा: ती वीज उलटी जाऊन ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो व्होल्टची होते आणि खांबावरच्या कामगाराचा जीव घेऊ शकते.

खर्चाचे पाहू. माझ्या जनरेटरची टाकी एक गॅलनहून किंचित कमी. ४५० वॅटवर ती आठ तास चालते, म्हणजे साडेतीन युनिट. पेट्रोल तीन डॉलर गॅलन धरले तर युनिटला ८० सेंटच्या आसपास, नेहमीच्या विजेच्या पाचपट. आणि वीज गेल्यावर बरेच पेट्रोल पंपही बंद असतात, उरलेल्यांवर रांगा. स्टॅबिलायझर घातलेले दोन कॅन बाहेरच्या शेडमध्ये ठेवणे बरे. फ्रिजमधले अन्न खराब झाल्यास घराच्या विम्यातून काही मिळते का, तेही एजंटला विचारावे.

जनरेटर घ्यायचाच असेल तर टेक्ससमध्ये एप्रिलच्या अखेरीस आपत्कालीन वस्तूंवर विक्रीकराची सूट असते. ३००० डॉलरपेक्षा कमी किमतीचे जनरेटर तीत बसतात. ह्यूस्टनच्या सव्वाआठ टक्क्यांप्रमाणे हजार डॉलरला ८२.५० वाचतात, त्यात जाड, बाहेर वापरायची एक्स्टेन्शन वायर येते.