जाहिरातीची सीमा कोण आखणार?

२२ सप्टेंबर १९५५च्या संध्याकाळी लंडनमध्ये आयटीव्ही सुरू झालं आणि ब्रिटिश टेलिव्हिजनवर पहिली जाहिरात झळकली. ती गिब्ज एसआर नावाच्या टूथपेस्टची होती. या क्षणाआधी काही वर्षं इथल्या संसदेत आणि वर्तमानपत्रांत मोठं रण माजलं होतं. बीबीसीची घडी बसवणाऱ्या लॉर्ड रीथ यांनी १९५२ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाहिरातदारांच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारणाला प्लेगच्या पंक्तीत बसवलं. पुढच्या वर्षी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचं चित्रण अमेरिकेत जाहिरातींसकट दाखवलं गेलं, तेव्हा विरोधकांना आयतंच हत्यार मिळालं. शेवटी १९५४च्या टेलिव्हिजन कायद्याने जाहिरातींना परवानगी दिली, पण कुंपण घालून. जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखता आली पाहिजे, तिचं प्रमाण कार्यक्रमाचा आनंद घालवण्याइतकं असता कामा नये, ती कार्यक्रमातल्या स्वाभाविक विरामातच यावी आणि कार्यक्रमात काय असावं यात जाहिरातदाराने हात घालू नये, असं ते कुंपण होतं. पहिली जाहिरात दिसण्यापूर्वीच तिची सीमा आखली गेली होती, आणि ती आखणारा जाहिरातीतून पैसे मिळवणारा नव्हता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

आपण रोज ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याच्या बाबतीत अशी सीमा कुणीच आखली नाही. विंडोजमधला पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ आठवून पाहा. १९९० पासून तो विंडोजबरोबर येत असे. कचेरीतल्या कित्येकांचा हात माऊसवर बसला तो या खेळामुळे. २०१५ साली विंडोज १० आलं, तेव्हा त्याच खेळात जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील तर वर्गणी भरा, असं सांगण्यात आलं. २०१६च्या सुरुवातीला काही लोकांच्या लॉक स्क्रीनवर एका नव्या व्हिडिओ गेमची जाहिरात आली. एप्रिल २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका अपडेटमधून विंडोज ११च्या स्टार्ट मेनूतल्या ‘शिफारशीं’त आपल्या दुकानातल्या ॲपची जाहिरात घालायला सुरुवात केली. फुकट आउटलुक वापरणाऱ्यांना आलेल्या पत्रांच्या यादीतच, पत्रासारखी दिसणारी जाहिरात भेटते. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक वाटते, आणि म्हणूनच कोणत्याही एका पायरीवर माणसं पेटून उठत नाहीत. दहा वर्षांच्या अंतराने मागे वळून पाहिलं, की पाणी कुठवर चढलंय ते कळतं.

फुकटात मिळणाऱ्या वस्तूसोबत जाहिरात सहन करावीच लागते, हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. वर्तमानपत्र किंवा व्यापारी टीव्ही यांच्यापुरता तो न्याय्यही आहे. पण विंडोज फुकट नाही. दुकानातून लॅपटॉप घेताना त्याच्या किमतीत विंडोजचा परवाना धरलेला असतो. ज्याचे पैसे एकदा दिले, त्याच यंत्रातली जागा विकून कंपनी दुसऱ्यांदा कमाई करते. शिवाय टीव्ही समोर बसून पाहायचा असतो. संगणक हे हातातलं अवजार आहे. हिशेब लिहिताना, मुलांचा अभ्यास घेताना, नोकरीचा अर्ज भरताना माणसाचं लक्ष जिथे गुंतलेलं असतं, नेमक्या त्याच जागी जाहिरात उगवते. आणि टीव्हीला आपल्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. या यंत्राला आपण काय शोधतो, काय उघडतो, किती वाजता उघडतो हे ठाऊक असू शकतं.

कंपन्या हे का करतात, याचं उत्तर आकड्यांत आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामक संस्थेने, म्हणजे कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने, जुलै २०२० मध्ये डिजिटल जाहिरातींवरचा अहवाल प्रसिद्ध केला. २०१९ साली या देशात डिजिटल जाहिरातींवर सुमारे १४ अब्ज पौंड खर्च झाले. दर घरटी हा आकडा ५०० पौंडांच्या आसपास येतो, आणि जाहिरातीचा खर्च वस्तूंच्या किमतीत मिसळून अखेर आपल्याच खिशातून जातो, हे त्या अहवालाने स्पष्ट सांगितलं. शोधावरच्या जाहिरातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक गूगलकडे आणि चित्र-व्हिडिओंच्या जाहिरातींतला निम्म्याहून अधिक वाटा फेसबुककडे होता. मायक्रोसॉफ्टलाही शोध आणि बातम्यांवरच्या जाहिरातींतून वर्षाला १० अब्ज डॉलरहून जास्त मिळतात. कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर रोज उघडणारा स्टार्ट मेनू अशा कंपनीच्या हिशेबात मोकळा पडलेला भूखंड ठरतो.

यावर सांगितलं जातं की या जाहिराती बंद करता येतात. ते खरं आहे. सेटिंग्जमध्ये बटणं आहेत. मात्र ती एका ठिकाणी नाहीत आणि मुळात चालू स्थितीत दिलेली असतात. नव्या अपडेटबरोबर नवी जागा उघडते, तिचं बटण पुन्हा शोधावं लागतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते बटण ठेवायचं की काढून टाकायचं, हे कंपनीच ठरवते. आपला नकार तिच्या मर्जीवर चालतो. कायद्याचं दार आहे, पण ते किती सावकाश उघडतं ते तान्या ओ’कॅरल यांच्या खटल्याने दाखवलं. या मानवी हक्क कार्यकर्तीने २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात फेसबुकच्या मालक कंपनीविरुद्ध दावा लावला: माझी माहिती वापरून मला जाहिराती दाखवू नका, एवढंच मागणं. माहिती आयुक्तांच्या कार्यालयानेही त्यांची बाजू उचलून धरली. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली, कंपनीने ऐकलं, पण फक्त त्यांच्यापुरतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने बाकीच्या ब्रिटिश ग्राहकांना पर्याय देऊ केला: जाहिराती नको असतील तर वेबवर महिन्याला २.९९ पौंडांपासून पुढे मोजा.

जाहिरातींना कंटाळलेल्या माणसाला ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा सल्ला हमखास मिळतो. त्याचा कोड सर्वांना खुला असतो. तो वाचावा, बदलावा, वाटावा, अशी परवाना स्वतःच मुभा देतो. सल्ला योग्य आहे, पण त्यामागचं जे कारण सांगितलं जातं ते मला अपुरं वाटतं. ओपन सोर्सवाले सज्जन असतात, ते जाहिराती लावत नाहीत, असं मानायचं कारण नाही. त्यांनीही लावल्या आहेत, आणि त्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण याच लंडनमधलं आहे. मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली स्थापलेल्या कॅनोनिकल कंपनीची उबुंटू ही लिनक्स प्रणाली जगभर लोकप्रिय आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या उबुंटू १२.१० मध्ये कंपनीने एक बदल केला. स्वतःच्या संगणकावरची एखादी फाइल किंवा प्रोग्राम शोधण्यासाठी शब्द टाइप केला, की तो शब्द कॅनोनिकलच्या सर्व्हरकडे जाई आणि फाइलींच्या जोडीला ॲमेझॉनवरच्या वस्तू समोर येत. कुणी काही विकत घेतलं तर कंपनीला दलाली मिळे. वस्तूंची चित्रं तर सुरुवातीला थेट ॲमेझॉनकडून, सांकेतिक संरक्षणाविना येत. त्यामुळे त्याच वायफायवरच्या तिऱ्हाइताला आपण काय शोधतोय याचा अंदाज बांधता आला असता. घरातल्या कपाटात कागद शोधण्याची बातमी दुकानदारापर्यंत पोचावी, असा हा प्रकार होता.

पुढे जे झालं ते विंडोजच्या बाबतीत होऊ शकलं नसतं. कोड उघडा असल्यामुळे कोणता शब्द कुठे जातो, हे काही दिवसांत सर्वांसमोर आलं. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तपशीलवार टीका केली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये उबुंटूला हेरगिरीचं सॉफ्टवेअर ठरवलं आणि ते कुणाला सुचवू नका, असं जाहीर आवाहन केलं. ती जाहिरात करणारा भाग एका स्वतंत्र पॅकेजात होता; ते एका आज्ञेने कायमचं काढून टाकता येई. ज्यांना तेवढंही नको होतं त्यांच्यासाठी लिनक्स मिंट होतं: उबुंटूच्याच पायावर उभं, पण हा शोध नसलेलं. आणि मिंट काढण्यासाठी कॅनोनिकलची परवानगी लागली नव्हती, कारण परवान्यानेच ती सर्वांना आधीच दिलेली होती. शटलवर्थ यांनी सुरुवातीला या बदलाचा जोरदार बचाव केला. तरीही एप्रिल २०१६ मध्ये उबुंटू १६.०४ आलं, तेव्हा हा ऑनलाइन शोध मुळातच बंद करून दिलेला होता.

साडेतीन वर्षं हा काळ थोडा नाही, हे मान्य. पण त्या साडेतीन वर्षांत कुणालाही ती जाहिरात सोसण्याची सक्ती नव्हती, हा फरक मला निर्णायक वाटतो. मालकाचा मोह दोन्हीकडे सारखाच असतो. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र सीमा आखण्याचा हक्क फक्त मालकाला असतो, आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये तो वापरणाऱ्यांकडेही असतो. सामान्य माणसाला कोड कुठे वाचता येतो, असं यावर विचारलं जाईल. त्याला वाचता यायची गरज नाही. दहा हजारांतल्या एकाने वाचला आणि दुसऱ्या एकाने जाहिरात काढलेली आवृत्ती तयार केली, की उरलेले सगळे ती उतरवून घेऊ शकतात.

मग पैसा कुठून येणार, हा आक्षेप याहून अवघड आहे, आणि तो टाळता येत नाही. २०१४ साली हार्टब्लीड नावाची गंभीर त्रुटी उघडकीस आली, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरचे असंख्य सुरक्षित व्यवहार ज्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतात, ते मूठभर माणसं तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत होती. फायरफॉक्स हा ओपन सोर्स ब्राउझर चालवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न आजही गूगलकडून, शोधाच्या कराराचं, येतं, आणि फायरफॉक्सच्या नव्या पानावर प्रायोजित दुवे दिसतात. म्हणजे जाहिरात नको असेल तर कुणीतरी खर्च उचलायला हवा. ब्रिटनने हा प्रश्न एकदा सोडवून दाखवलेला आहे: बीबीसीची लायसन्स फी हे जाहिरातीशिवाय प्रसारण चालावं म्हणून सर्वांनी मिळून भरलेलं मोल आहे. रोज वापरतो त्या लिबरऑफिस या कचेरीकामाच्या किंवा थंडरबर्ड या ईमेलच्या ओपन सोर्स ॲपला वर्षाकाठी चार-पाच पौंड देणगी देणं मला त्याच जातीचं कर्तव्य वाटतं. आणि सरकारांनी तर ते आपल्या अंदाजपत्रकातच धरायला हवं.

सरकारी अनुभवातून आणखी एक धडा मिळतो. ब्रिस्टलच्या महापालिकेने २००५च्या सुमारास हजारो संगणकांवरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून ओपनऑफिसच्या कुळातलं स्टारऑफिस बसवलं आणि काही वर्षांनी ती पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे वळली. बदल फसतो हे सांगण्यासाठी हे उदाहरण दिलं जातं. पण एकटी महापालिका बदलली आणि तिच्याशी कागदपत्रांची देवाणघेवाण करणारं बाकीचं जग जुन्याच फाइलींत राहिलं, तर अडचण होणारच. म्हणून जुलै २०१४ मध्ये केंद्र सरकारच्या कॅबिनेट ऑफिसने घेतलेला निर्णय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, पण ज्या सरकारी दस्तऐवजांवर मिळून काम करायचं त्यांचा फाइल-प्रकार खुला, म्हणजे ओडीएफ, असला पाहिजे, असं त्या निर्णयाने ठरवलं. मायक्रोसॉफ्टने आपलाही फाइल-प्रकार त्यात घ्यावा असा आग्रह धरला होता. सरकार बधलं नाही.

घरातही हाच क्रम उपयोगी पडतो. आधी फाइली आणि ॲप बदलावेत, प्रणाली नंतर. विंडोजवरच लिबरऑफिस, थंडरबर्ड आणि व्हिडिओसाठी व्हीएलसी बसवून सहा महिने काम केलं, की पुढे लिनक्सवर तीच ॲप ओळखीची वाटतात. हे आत्ता सांगण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. ब्रिटनमध्ये दोन कोटींहून अधिक लोक विंडोज १०चा संगणक वापरतात, असा ग्राहक संघटना ‘विच?’चा अंदाज होता. त्यातली अनेक यंत्रं ठणठणीत आहेत, पण विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घालून, संगणकातलं काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येतं. वायफाय, प्रिंटर, स्कॅनर चालतो की नाही ते तासाभरात कळतं. बँक आणि शाळेचं बहुतेक काम ब्राउझरमध्येच होतं. जी मंडळी विशिष्ट हिशेबी किंवा रेखाटनाच्या सॉफ्टवेअरला बांधलेली आहेत, त्यांनी मात्र घाई करू नये. इथल्या मराठी घरांना पडणारा प्रश्न देवनागरीचा, आणि तो कधीच सुटला आहे: रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला लोहित देवनागरी हा खुला फॉन्ट लिनक्सवर सहज मिळतो, आणि लिबरऑफिसचे मेनूही मराठीत करता येतात.

फोनवर मात्र हा मार्ग अरुंद आहे, आणि आणखी अरुंद होण्याची भीती आहे. अँड्रॉइडसाठी एफ-ड्रॉइड नावाचं एक भांडार २०१० पासून चालू आहे. त्यात फक्त मुक्त ॲप मिळतात, आणि एखाद्या ॲपमध्ये जाहिरात किंवा पाळत असेल तर ते त्याच्या पानावरच नोंदवलेलं असतं. १९५४च्या कायद्याला अपेक्षित असलेली सीमा इथे स्वयंसेवकांनी आखली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायचं तर ते बनवणाऱ्याने आधी गूगलकडे ओळख पटवून नोंदणी केली पाहिजे, मग ते ॲप गूगलच्या दुकानातलं असो वा बाहेरचं. फसव्या ॲपपासून संरक्षण, हे कारण खोटं नाही. पण या नियमाने आमचं काम संपेल, असं एफ-ड्रॉइडने सांगितलं, आणि टीकेनंतर जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने कबूल केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने मोबाइल प्रणालींतल्या गूगल आणि ॲपल यांच्या सत्तेवर अधिकृत शिक्कामोर्तब केलं. त्यांच्यावर वागणुकीच्या अटी लादण्याचा अधिकार आता या संस्थेला आहे. गूगलच्या दुकानाबाहेरून ॲप घेण्याची मुभा गूगलच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बांधून द्यावी, ही अट त्यांत असायला हवी.