वजन उतरवायचंय? मग रस गाळू नका

मुळशीच्या वस्त्यांमध्ये आरोग्याची बैठक घेतली की बायका हमखास विचारतात, "ताई, वजन कमी करायला कोणता ज्यूस घेऊ?" आधी स्पष्ट सांगते, कोणताही रस चरबी वितळवत नाही. महागड्या बाटलीतलाही नाही. तरीही घरी केलेलं पेय उपयोगी पडतं, पण ते साखरेचा चहा किंवा कोल्ड्रिंकच्या ऐवजी घेतलं तरच.

एक ग्लास रसाला तीन-चार संत्री लागतात. ती चावून खायची म्हटली तर एका-दोनातच पोट भरतं. गाळताना चोथा जातो आणि साखर तेवढी ग्लासात उरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेबद्दल सूचना दिल्या. त्यात फळांच्या रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेसारखीच मोजली आहे.

एका माणसासाठी कृती : एक संत्रं (बिया काढून), एक आवळा, अर्धी काकडी, चार पुदिन्याची पानं, आल्याचा लहान तुकडा आणि ग्लासभर उकळून गार केलेलं पाणी. मिक्सरमधून काढा, गाळू नका. साखर, गूळ, मध काहीच नको. लगेच प्या. मिक्सर नसेल तर संत्रं तसंच खा आणि पाण्यात लिंबू पिळून घ्या. पेरू, जांभळं, करवंदं तर चावूनच खावीत.

हे करू नका : जेवण सोडून नुसत्या रसावर राहू नका. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात; अशक्तपणा येतो, अंगातली ताकद जाते. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हवीच. भात थोडा कमी करा, तेल मोजून वापरा, रोज अर्धा तास भरभर चाला. महिन्याला दोन किलो उतरले तरी पुष्कळ झालं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष जपावं. औषध घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. किडनीचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा.

घरात टेप असेल तर पोटाचा घेर मोजा. बायकांचा 80 आणि पुरुषांचा 90 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला तर सरकारी दवाखान्यात साखर आणि बीपी तपासून घ्या. बाटलीवर पैसे घालवण्याआधी ही तपासणी करा.