वॉटची पाटी आणि व्हॉल्व्हची खरी ताकद : जुन्या सीबी लिनिअरविषयीचे गैरसमज

सिटिझन्स बँड म्हणजेच सीबी रेडिओ ही अमेरिकेत कोणतीही परीक्षा न देता वापरता येणारी बिनतारी संभाषणाची सेवा आहे. तिचा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा १९५८मध्ये हौशी रेडिओचालकांकडून काढून सर्वसामान्यांना देण्यात आला. सुरुवातीला त्यात २३ चॅनेल होते, १ जानेवारी १९७७पासून ते ४० झाले. एएम पद्धतीत ४ वॉट आणि एसएसबी पद्धतीत जास्तीत जास्त १२ वॉट ही शक्तीची मर्यादा मात्र कायम राहिली. १९७३-७४च्या तेलटंचाईत डिझेल कुठे मिळते आणि वेग मोजणारे पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना कळवण्यासाठी ट्रकचालक मोठ्या संख्येने सीबीवर आले. चॅनेलवर झुंबड उडाली. त्या गलक्यात आपला आवाज वर काढण्यासाठी सेट आणि अँटेना यांच्यामध्ये जोडायच्या ॲम्प्लिफायरचा धंदा फोफावला. सीबीवाले त्याला ‘लिनिअर’ म्हणत. नेब्रास्का राज्यातल्या स्कॉट्सब्लफच्या डी अँड ए कंपनीचे ‘मॅव्हरिक’ आणि ‘फँटम’ किंवा न्यू हॅम्पशायरमधल्या लॅकोनियाच्या ब्राउनिंग लॅबोरेटरीजची उपकरणे आज संग्राहक हौसेने शोधतात आणि दुरुस्त करून पुन्हा उभी करतात. या खोक्यांभोवती दंतकथाही तितक्याच जमल्या आहेत. त्यातल्या बहुतेक दंतकथांचे मूळ एकच आहे. लोक खोक्यावरची पाटी वाचतात, आतले सर्किट कोणी वाचत नाही.

“हे व्हॉल्व्ह खास प्रक्षेपणासाठी बनवलेले असतात”

काही मोजक्या लिनिअरमध्ये ८११ए किंवा ५७२बी असे खरे ट्रान्समिटिंग व्हॉल्व्ह (निर्वात काचनळ्या) असतात. बाकीच्यांत ६एलक्यू६, ६केडी६, ६एलएफ६ या नावांचे व्हॉल्व्ह दिसतात, आणि ते मुळात रंगीत टीव्हीसाठी तयार झालेले आहेत. टीव्हीच्या पडद्यावर किरण आडवा फिरवण्याचे काम त्यांचे. सेकंदाला सुमारे १५,७०० वेळा जोरदार प्रवाहाचा ठोका द्यायचा आणि मधल्या क्षणी काही हजार व्होल्टचा दाब सोसायचा. टीव्हीमुळे ते लाखांनी बनत, म्हणून स्वस्त मिळत. लिनिअर बनवणाऱ्यांना मोह पडला तो या स्वस्ताईचा. थोडक्यात, हे खोके म्हणजे टीव्हीच्या मागच्या बाजूचे सुटे भाग त्यांच्या मर्यादेबाहेर हाकण्याची युक्ती होती. युक्ती कल्पक होती, पण तिच्यात राखीव ताकद जवळजवळ नव्हती. पुढचे बरेच गैरसमज समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

“पाटीवर ५०० वॉट लिहिले आहेत, म्हणजे ५०० वॉट बाहेर पडतात”

त्या काळच्या जाहिरातीतला आकडा बहुधा आत जाणाऱ्या शक्तीचा असे, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटचे (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याचे) व्होल्टेज गुणिले प्लेटचा प्रवाह. कधी तो बोलण्याच्या क्षणिक शिखराचा असे, तर कधी दोन्हींचा मिळून. अँटेनाकडे सतत किती जाते, हा प्रश्न वेगळाच.

त्याचे उत्तर कागदावर काढता येते. ६एलक्यू६च्या प्लेटला सतत सोसता येणारी उष्णता ३० वॉट आहे. असे चार व्हॉल्व्ह असलेल्या लिनिअरला एकूण १२० वॉट उष्णता झेपते. एएममध्ये पूर्ण मॉड्युलेशनच्या शिखराला शक्ती कॅरियरच्या, म्हणजे बोलणे नसतानाच्या मूळ लहरीच्या, चौपट होते. त्यामुळे १०० वॉटचा कॅरियर स्वच्छ वाढवायचा असेल, तर ॲम्प्लिफायरमध्ये ४०० वॉटच्या शिखराची जागा हवी. शिखराला साधारण ६५ टक्के कार्यक्षमतेने चालणारा वर्ग एबीचा ॲम्प्लिफायर नुसत्या कॅरियरवर जेमतेम एक-तृतीयांश कार्यक्षमतेने चालतो. म्हणजे १०० वॉट बाहेर काढायला ३०० वॉट आत घालायचे, आणि उरलेले २०० वॉट प्लेटवर उष्णता म्हणून जळणार. झेपतात किती, तर १२०. या हिशेबाने चार व्हॉल्व्हच्या खोक्यातून सतत टिकेल असा एएम कॅरियर साधारण ६० वॉटचा ठरतो. एसएसबीमध्ये शब्दांच्या मधल्या फटीत प्लेटला उसंत मिळते, म्हणून तोच खोका तिथे बराच जास्त देतो. जुन्या मालकांनी पाटीवर विश्वास ठेवून बटण दाबून ठेवले, आणि आज बाजारात येणाऱ्या खोक्यांत प्लेटी वाकलेले व्हॉल्व्ह सापडतात ते त्यामुळेच.

“वॉट वाढले की अंतर त्याच प्रमाणात वाढते”

४ वॉटचे १०० वॉट केले तर शक्ती २५ पट होते, डेसिबलमध्ये मोजली तर फक्त १४. सिग्नल मीटरवरचे एक ‘एस’ घर ६ डेसिबलचे मानले जाते, म्हणजे समोरच्याच्या मीटरचा काटा सव्वादोन घरांच्या आसपास वर सरकतो. अंधुक ऐकू येणारा आवाज त्याने स्पष्ट होतो, पण डोंगराआडचे गाव समोर येत नाही. जमिनीलगतच्या संपर्काचे अंतर मुख्यतः अँटेनाची उंची आणि मधला भूभाग ठरवतात. दोन्ही बाजूंना १० मीटर उंचीच्या अँटेना असतील, तर रेडिओचे क्षितिज सुमारे २६ किलोमीटरवर येते. लहरी वळून थोड्या पलीकडेही पोहोचतात, पण तिथून पुढे प्रत्येक किलोमीटर फार महाग पडतो. उलट सूर्यावरचे डाग वाढलेले असतात तेव्हा आयनांबरावरून परतणारी लहर नुसत्या ४ वॉटवर हजारो किलोमीटर जाते. शिवाय लिनिअर फक्त बोलण्याला लागू पडतो. पलीकडच्याचा क्षीण आवाज तो वाढवत नाही, त्यामुळे लांबच्यांना आपण ऐकू जातो पण आपल्याला ते ऐकू येत नाहीत, अशी एकतर्फी अवस्था होते.

“मीटरचा काटा जितका उसळेल तितके चांगले”

सीबीच्या जगात या उसळीला ‘स्विंग’ म्हणतात आणि ती अभिमानाने मिरवली जाते. साधा वॉटमीटर सरासरी दाखवतो. स्वच्छ एएममध्ये सलग सुराने १०० टक्के मॉड्युलेशन केले, तर सरासरी शक्ती दीडपट होते. म्हणजे १०० वॉटवरून काटा १५० पर्यंत जावा आणि बोलताना त्याहून कमीच हलावा. तो २०वरून २०० वर उडत असेल, तर कॅरियर मुद्दाम खाली दाबलेला आहे आणि लहरीचा तळ कापला जातो आहे.

‘लिनिअर’ हे नावही अनेक खोक्यांनी कमावलेले नाही. वर्ग सीमध्ये चालणारा ॲम्प्लिफायर ठरावीक पातळीच्या खाली काहीच वाढवत नाही, त्यामुळे आवाजाचे बारीक भाग गळतात आणि कापलेल्या कडांमुळे सिग्नल शेजारच्या १० किलोहर्ट्झवरच्या चॅनेलांत सांडतो. एसएसबीमध्ये तर बोलणेच कळेनासे होते. याहून त्रासदायक होती ती दुप्पट वारंवारता. २७चे दुप्पट ५४, आणि अमेरिकेत ५४ ते ६० मेगाहर्ट्झवर टीव्हीचा चॅनेल २ होता. शेजाऱ्याच्या पडद्यावर उठणाऱ्या पट्ट्यांची भांडणे त्या काळात गल्लोगल्ली होत.

“व्हॉल्व्हमुळे आवाजाला ऊब येते”

ही समजूत गिटार आणि हाय-फायच्या ॲम्प्लिफायरवरून इकडे आली. सीबीच्या लिनिअरमधून श्राव्य ध्वनी जातच नाही, जाते ती २७ मेगाहर्ट्झची लहर. आवाजाचा पोत मायक्रोफोन आणि सेटमधला मॉड्युलेटर ठरवतात. लिनिअर त्यात फार तर विकृती मिसळतो.

“व्हेरिॲकवर हळूहळू व्होल्टेज चढवले की जुने कपॅसिटर बरे होतात”

पुनरुज्जीवनाच्या कामात सर्वाधिक नुकसान या समजुतीने केले असावे. व्हेरिॲक, म्हणजे आपल्याकडच्या वर्कशॉपमधला डिमरस्टॅट, फिरवत फिरवत व्होल्टेज वाढवण्याची रीत जुन्या रेडिओंपासून चालत आली आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून राहिला, तर त्याच्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर पातळ होतो आणि नियंत्रित प्रवाहाने तो पुन्हा जाडही करता येतो, इतके खरे आहे. पण आतला द्रव ५० वर्षांत आटला असेल, तर तो कोणत्याही व्होल्टेजने परत येत नाही. थर जाड करायचाच असेल, तर कपॅसिटर सर्किटमधून सोडवून, मोठा रेझिस्टर मध्ये घालून वेगळा चढवावा लागतो. लिनिअरच्या फिल्टरमधले इलेक्ट्रोलायटिक न तपासता बदलणे हाच शहाणपणा. नवे १०५ अंश सेल्सिअसचे आणि मूळच्याइतक्या किंवा त्याहून जास्त व्होल्टेजचे घ्यावेत. एकापुढे एक जोडलेल्या प्रत्येक कपॅसिटरवर समान वाटणीचा रेझिस्टर असलाच पाहिजे. जुने पोकळ कवच ठेवून आत नवा कपॅसिटर बसवला, तर संग्राहकाच्या नजरेलाही काही खटकत नाही. पहिल्यांदा चालू करताना व्हेरिॲकपेक्षा सिरीजमध्ये जोडलेला बल्ब जास्त कामाचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो.

मेनच्या व्होल्टेजबाबतही अशीच सावधगिरी हवी. हे खोके ११५ ते ११७ व्होल्ट गृहीत धरून बनले होते. आज अमेरिकेत १२० किंवा त्याहून थोडे जास्त येते, आणि फिलामेंट, प्लेट सगळेच त्या प्रमाणात वर जाते. अमेरिकेहून असा खोका पुण्या-मुंबईला आणला, तर २३०चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर लावून काम संपत नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला ५० हर्ट्झवरचे १२० व्होल्ट हे १४४ व्होल्टइतके जड जातात. तो गुरगुरतो आणि तापतो. व्होल्टेज १००च्या आसपास उतरवणे हा त्यावरचा सरळ उपाय.

“प्लग काढला की धोका संपला”

प्लेटला ८०० व्होल्ट आणि फिल्टरमध्ये ५० मायक्रोफॅरड असतील, तर साठा १६ ज्यूलचा होतो. माणसाचा जीव धोक्यात घालायला तो पुरतो. हा साठा रिकामा करण्यासाठी ब्लीडर रेझिस्टर असतो. १०० किलोओहमचा धडधाकट ब्लीडर वरचा साठा २५ सेकंदांत ५-६ व्होल्टवर आणतो. पण तो कायम गरम राहणारा भाग आहे, आणि जुन्या खोक्यांत तो आतून तुटलेला सापडणे अगदी नेहमीचे. मग बंद खोक्यातही विद्युतभार तासन्‌तास टिकतो. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची धातूची टोपी थेट याच व्होल्टेजला जोडलेली असते. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची सवय वाईट. लांब दांड्याच्या टोकाला काही किलोओहमचा जाड रेझिस्टर बसवून, त्याची दुसरी बाजू चेसिसला जोडून भार उतरवावा आणि नंतर मीटरने खात्री करावी. दोन पिनांची मूळ वायर काढून अर्थसह तीन पिनांची लावणे हा मूळपणाशी द्रोह नव्हे. जुन्या लष्करी किंवा औद्योगिक मालातला तेलाचा कपॅसिटर आढळला, तर त्यात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते. अमेरिकेने त्याचे उत्पादन १९७९मध्ये बंद केले.

“प्लेट लाल झाली म्हणजे पूर्ण ताकद मिळाली, निळा दिसला म्हणजे व्हॉल्व्ह गेला”

दोन्ही विधाने अर्धवट आहेत. टीव्हीच्या व्हॉल्व्हची प्लेट लाल होणे हे सरळ धोक्याचे चिन्ह आहे. याउलट ३-५००झेड या मोठ्या ट्रान्समिटिंग व्हॉल्व्हची प्लेट कामात असताना लालसर असणे अपेक्षितच असते, कारण उरलेसुरले वायू शोषून घ्यायला तिला ती उष्णता लागते. निळ्या रंगाबाबत तो कुठे दिसतो हे पाहावे. काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखी निळी आभा निरुपद्रवी असते, भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळून ती उमटते. दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या पोकळीत जांभळट धुके दिसले, तर आत वायू आहे. काचेवरचा चंदेरी आरशासारखा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर हवा आत शिरली आहे. असा व्हॉल्व्ह टेस्टरवर लावण्याचीही गरज नाही.

“टेस्टरवर ‘चांगला’ आला, म्हणजे चालेल”

साधा टेस्टर कमी व्होल्टेजवर कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात की नाही इतकेच पाहतो. ८०० व्होल्टवर तोच व्हॉल्व्ह आतून ठिणगी टाकू शकतो. शेजारी शेजारी जोडलेल्या चारांत एकच नवा घातला, तर तो जास्त प्रवाह ओढतो आणि आधी तापतो, म्हणून संच जुळवून घ्यावा लागतो. टीव्हीचे हे मोठे व्हॉल्व्ह आता जुन्या साठ्यातूनच येतात. म्हणून ते जपावेत : ट्यूनिंग करताना कॅरियर काही सेकंदच दाबावा, मध्ये विश्रांती द्यावी. प्लेटचा प्रवाह सर्वांत खाली उतरतो तो बिंदू आधी गाठून मग लोड वाढवावा. रिलेचे काळवंडलेले संपर्क कानशीने घासले, तर चांदीचा मुलामा निघून जातो. क्लीनरमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी मधून ओढली की पुरते.

“जुना आहे, म्हणून कायद्यातून सुटतो”

अमेरिकेत सीबीवर लिनिअर वापरणे कधीच कायदेशीर नव्हते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९७८मध्ये २४ ते ३५ मेगाहर्ट्झवर चालू शकणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या उत्पादनावर आणि विक्रीवरच बंदी आणली. त्यात हौशी चालकांचा २८ मेगाहर्ट्झचा पट्टाही विनाकारण भरडला गेला. पुढे नियम सैल झाले, तरी बाजारात येणाऱ्या ॲम्प्लिफायरने २६ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये काहीही वाढवू नये, ही अट राहिली. १९८३मध्ये सीबीचा वैयक्तिक परवाना रद्द झाला. त्यावरून शक्तीची मर्यादाही गेली असे अनेकांना वाटते, पण ती तशीच आहे. लिनिअर नुसता बाळगण्याबाबतही आयोगाची भूमिका स्पष्ट होती. जास्त शक्ती वापरल्याचा इतर पुरावा असेल आणि घरात लिनिअर सापडला, तर तो वापरला असेच गृहीत धरायचे. तसा ॲम्प्लिफायर चालवण्याचा दुसरा परवाना हाती असेल, तर हे गृहीतक लागू नव्हते. हौशी परवानाधारकाने असा खोका दुरुस्त करून २८ मेगाहर्ट्झवर आपल्या केंद्रात चालवणे, हा म्हणूनच त्याचा सर्वांत सरळ उपयोग ठरतो. भारतात सीबीचा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा असून २००५च्या नियमांनुसार अंगभूत अँटेनाच्या ५ वॉटपर्यंतच्या संचाला परवाना लागत नाही. बाहेरून जोडायचा ॲम्प्लिफायर त्या सवलतीत बसत नाही.