ब्राउझरला चालतं, स्क्रिप्टला का चालत नाही?

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट (दारू भरलेली फळं) पेटवून एकमेकांवर फेकणाऱ्या मध्य प्रदेशातल्या गौतमपुऱ्यात एरवी विषय असतो लसूण-बटाट्याच्या भावाचा. समजा, तिथल्या एखाद्या आडत्याच्या पीसीवर मंडीचे भाव उतरवून घेणारी छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. एका सकाळी भावाऐवजी ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ येतं. तोच पत्ता क्रोममध्ये बिनतक्रार उघडतो. मग कुणीतरी ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ करून मोकळा होतो. तक्रार थांबते, पण तपासणीही थांबते. वाटेत कुणी भाव बदलले तरी कळायचं नाही.

त्याआधी संदेशाचं शेपूट वाचा. ओपनएसएसएलची ‘एस_क्लायंट’ ही आज्ञा सर्व्हरचं नाव देऊन 443 पोर्टवर चालवली, की कारणाचा आकडा मिळतो. 9 म्हणजे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. तेव्हा आधी स्वतःचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल उतरला, की जुना पीसी वीज गेल्यावर कित्येक वर्षं मागे जातो. 10 म्हणजे मुदत संपली.

खरी गंमत 20 आणि 21मध्ये आहे, म्हणजे सर्टिफिकेटांची साखळी पूर्ण होत नाही तेव्हा. साइटच्या सर्टिफिकेटवर सही मधल्या सर्टिफिकेटची असते, त्यावर मूळ संस्थेची. आपल्याकडच्या विश्वासाच्या यादीत सहसा फक्त मूळ संस्था असतात. मधलं सर्टिफिकेट सर्व्हरनं पाठवायचं असतं. ते राहिलं, तर क्रोम स्वतः जाऊन घेऊन येतो, पायथन आणत नाही. म्हणून ‘ब्राउझरमध्ये चालतंय’ या उत्तराला इथे काही किंमत नाही. दुरुस्ती सर्व्हरवाल्यांनी करायची. तोवर मधलं सर्टिफिकेट यादीच्या फाइलला जोडून तिचा पत्ता ‘व्हेरिफाय’ला द्यावा.

यादीही प्रत्येकाची वेगळी. पायथनचं ‘रिक्वेस्ट्स’ विंडोजची यादी न बघता ‘सर्टिफाय’ या पॅकेजमधली वापरतं. जुलै 2014मध्ये राष्ट्रीय सूचना केंद्राकडून (एनआयसी) गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली, तेव्हा भारताच्या सीसीएचं (प्रमाणन संस्थांच्या नियंत्रकाचं) मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, फायरफॉक्सच्या नव्हतं. आणि यादी शिळी होते. 30 सप्टेंबर 2021ला ‘डीएसटी रूट सीए एक्स3’ या जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली आणि लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं ठणठणीत असूनही ओपनएसएसएल 1.0.2वरच्या स्क्रिप्ट अडल्या. नवं मूळ सर्टिफिकेट यादीत असलं, तरी ती आवृत्ती जुन्याच वाटेनं जायची. जुनं काढून टाकल्यावर काम चालू.

19 आला, म्हणजे साखळीत स्वतःच स्वतःवर सही केलेलं अनोळखी सर्टिफिकेट निघालं, तर शोध घरातच घ्या. अँटिव्हायरस किंवा ऑफिसची प्रॉक्सी मध्ये बसून बहुधा स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करत असते.